शिरेतून द्यायचं तेल: निव्वळ माशाचं की मिश्र?

बॉस्टनहून आतेभावाचा फोन आला. बाळाचं बरंचसं आतडं काढावं लागलंय, पोषण शिरेतून चालू आहे आणि आता डोळे पिवळे दिसतात. डॉक्टरांनी शिरेतून द्यायच्या तेलांची दोन नावं सांगितली: ओमेगावेन आणि स्मॉफलिपिड. जाहिराती बाजूला ठेवून पाहू.

घटक: ओमेगावेन म्हणजे निव्वळ माशाचं तेल. स्मॉफमध्ये ते फक्त १५ टक्के. सोयाबीन ३०, मध्यम साखळीची स्निग्धं ३०, ऑलिव्ह २५.

यकृत: खरा फरक इथेच. सोयाबीन तेलातले वनस्पती-स्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारखी वनस्पतींतली द्रव्यं) पित्ताचा प्रवाह अडवतात असं मानलं जातं. माशाच्या तेलात ते जवळपास नसतातच, स्मॉफमध्ये थोडे उरतात. अमेरिकेत २०१८ साली ओमेगावेनला मान्यता मिळाली ती मुलांमधल्या याच पित्तरोधासाठी, म्हणजे पित्त यकृतात अडून डोळे पिवळे होतात त्यासाठी. पित्तरोध होऊच नये म्हणून द्यायला मात्र नाही, हे पुष्कळदा निसटतं.

उष्मांक: ओमेगावेन दिवसाला किलोमागे १ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ११ उष्मांक. स्मॉफ ३ ग्रॅमपर्यंत देता येतं, सुमारे ३० उष्मांक. ओमेगावेनमधली ही तूट ग्लुकोजने भरावी लागते, आणि जास्त ग्लुकोज यकृताला मानवत नाही!

अ‍ॅलर्जी: दोन्हींत अंड्याचा अंश आणि मासा आहे. स्मॉफमध्ये सोयाही.

पित्तरोध झालेल्या बाळाला मी ओमेगावेनच म्हणेन. यकृत अजून ठीक, पोषण दीर्घकाळ चालणार आणि वजन वाढायला हवं, तर स्मॉफ. मोठ्या माणसांनाही स्मॉफच.