१०६ मिमीची आरसीएल : नेम पक्का, पण गोळा सुटला की जागा सोडायची

एम४० म्हणजे १०६ मिमीची रिकॉईललेस, म्हणजे मागे धक्का न देणारी, रणगाडे फोडायची रायफल, फौजी मंडळी जिला नुसतं आरसीएल म्हणतात. ही जवळून नीट बघितली तेव्हापासून लिहायचं होतं, कारण हिला नेम नसतो, अंदाजाने उडवायची असते असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात आणि ते साफ चूक आहे.

नळी खरंतर १०५ मिमीचीच आहे. आधीच्या एम२७ रिकॉईललेस रायफलचा दारूगोळा १०५ चा, तो कुणी चुकून हिच्यात भरू नये म्हणून नाव १०६ ठेवलं. काडतुसाच्या केसला चाळणीसारखी भोकं असतात, त्यातून गॅस बाहेर येतो आणि ब्रीचमधून, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडातून, मागे सुटतो, गोळा पुढे गॅस मागे, त्यामुळे धक्का जवळजवळ शून्य. म्हणूनच एवढी मोठी तोफ साध्या जीपवर बसते.

आता नेमाचं. नळीच्या वर एक छोटी ०.५० इंची स्पॉटिंग रायफल, म्हणजे नेम तपासायची रायफल, बसवलेली असते आणि माझ्या मते सगळी किमया तिचीच. तिची खास गोळी मोठ्या गोळ्यासारख्याच वाटेने जाते, ट्रेसर म्हणजे तिचा जळता माग दिसतो, आणि लागली तिथे पांढरा धूर उठतो. नळी वर-खाली करायच्या चाकाच्या मधलं बटण बाहेर ओढलं की स्पॉटिंग रायफल, आत दाबलं की मोठा गोळा, म्हणजे हात हलवायचाच नाही, धूर रणगाड्यावर उठला रे उठला की दाबायचं. याचं महत्त्व असं की गोळ्याचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर, म्हणजे १००० मीटरला दोन सेकंदांच्या वर लागतात, आणि तेवढ्यात ताशी ३० किमीने चाललेला रणगाडा १५ मीटरहून जास्त पुढे सरकलेला असतो. नेम किती पुढे धरायचा हे डोळ्यांच्या अंदाजाने जमत नाही, स्पॉटिंग रायफल ते करून दाखवते. साधारण १३०० मीटरपर्यंत हिच्यावर भरवसा ठेवावा, गोळा त्याच्या कितीतरी पुढे जातो पण त्याला नेम म्हणत नाहीत.

खोट एकच पण जीवघेणी, मागचा भडका. धूळ उडते, झाडंझुडपं हलतात, आणि समोरच्याला तुमची जागा कळते, म्हणून गोळा सुटला की जागा सोडायची. मागे माणूस नको, भिंत नको, बंद खोलीतून तर नकोच नको.

भारत-पाक युद्धात १० सप्टेंबर १९६५ ला पंजाबातल्या खेमकरण भागात चीमा गावाजवळ ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवरच्या आरसीएलने हेच करत होते, बगलेला जाऊन पुढचा रणगाडा उडवला, लगेच जागा बदलली, दुसरा पेटवला. मग मात्र शत्रूला त्यांची जीप दिसली, मशीनगन आणि तोफांचा मारा सुरू झाला, तरी ते गोळे डागत राहिले आणि आणखी एका रणगाड्यावर नेम धरलेला असतानाच त्यांना गोळा लागला. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे वाचलं की अजूनही गलबलून येतं, आणि या हत्याराचा बरा आणि वाईट दोन्ही गुण त्या एका सकाळी दिसतो.

अमेरिकनांनी ऑन्टोस नावाच्या छोट्या चिलखती गाडीवर अशा सहा-सहा नळ्या लावल्या, १९६८ ला व्हिएतनाममधल्या ह्युए शहराच्या गल्ल्यांत इमारती फोडायला तिचा चांगला उपयोग झाला, पण पुन्हा गोळे भरायला माणसाने बाहेर यायचं, गोळीबार चालू असताना, हे मला अजिबात पटलेलं नाही.

वजन माउंटसकट २०० किलोच्या वर, त्यामुळे पायदळाने खांद्यावर न्यायची गोष्ट नाही, त्यासाठी ८४ मिमीची कार्ल गुस्टाफ बघा, तिचं नवीन एम४ मॉडेल ७ किलोच्या आत आहे. आजच्या रणगाड्याच्या समोरच्या चिलखतावर जुना १०६ चा गोळा भरवशाचा नाही, बगल किंवा मागची बाजू मिळाली तरच. बंकर, भिंती, ट्रक यांच्यासाठी मात्र अजूनही जबरदस्त. माझ्याकडून ५ पैकी ४, एक स्टार त्या भडक्यासाठी कापला.