लेह: उन्हाळा, शरद आणि हिवाळा राहून पाहिल्यानंतर

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त लेहला असल्यामुळे गेल्या वर्षभरात तेथे वेगवेगळ्या ऋतूंत राहण्याचा योग आला. आपली सांगलीकर मंडळी असा प्रवास सहसा मुलांची मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी पाहून आखतात. परंतु या दोन्ही वेळा त्या शहराला फारशा मानवत नाहीत, असे माझे मत झाले आहे. मे महिन्यात जर्दाळूचा बहर ओसरलेला असतो आणि मनालीकडचा रस्ता बऱ्याचदा बर्फामुळे बंदच असतो.

उंचीचा त्रास मात्र ऋतू पाहून येत नाही. लेह सुमारे 3,500 मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळपास अडीचपट उंचीवर आहे. विमानाने थेट उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस खोलीवर पडून राहावे; पैसे वाया गेले असे वाटले तरी राहावे. तेथे पाणी साधारण 88 अंशांनाच उकळते, त्यामुळे वरणाच्या डाळीलाही घरच्यापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात.

जुलै-ऑगस्टमध्ये हवा सुखद असली तरी गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही चढलेले असतात. उन्हात कातडी भाजते आणि सावलीत सरकले की स्वेटर आठवतो. याच दिवसांत मुख्य बाजाराच्या फूटपाथवर बायका ताजे जर्दाळू विकायला बसतात. आमच्या घरी बेदाण्याचा व्यवसाय असल्याने माझे लक्ष साहजिकच जर्दाळूच्या वाळवणाकडे गेले. आपल्याकडे तासगाव भागात द्राक्षे द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत वाळवतात आणि एका अवकाळी सरीने मालाचा रंग जाईल या धास्तीने आभाळाकडे बघत बसतात. तेथे फळे घराच्या सपाट धाब्यावर उघड्या उन्हात निवांत पसरलेली असतात, कारण वर्षाचा पाऊसच जेमतेम 100 मिलिमीटरच्या आसपास आहे. अर्थात, याच कोरड्या शहरावर ऑगस्ट 2010 मध्ये ढगफुटी होऊन मोठी जीवितहानी झाली होती. मातीची घरे तशा पावसासाठी बांधलेलीच नसतात.

माझी पसंती सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या काळाला आहे. पॉप्लर आणि विलोची झाडे पिवळीधमक होतात, उन्हाळ्यात गढूळ वाहणारी सिंधू निवळू लागते आणि निम्मूजवळ झांस्कर तिला मिळते तेथे धक्काबुक्की न करता उभे राहता येते. रात्री गारठा असतो, पण दोन रजयांत निभावतो.

जानेवारीचा अनुभव हौशी माणसानेच घ्यावा. रात्रीचे तापमान उणे 15 अंशांच्या आसपास जाते, नळ गोठतात आणि आंघोळीला मोजून एक बादली गरम पाणी मिळते. अनेक हॉटेले आणि दुकाने बंद असतात. हवामान बिघडले की विमानही रद्द होते, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. तरीही बुखारीभोवती, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीभोवती, घरच्या माणसांसारखे बसवून घेऊन बटर-चहा पाजणारे यजमान मला याच दिवसांत भेटले. जुलैच्या धांदलीत त्यांना बोलायला उसंत नसते.

दिवाळीखेरीज रजाच मिळत नसेल, तर आरक्षणापूर्वी खोलीत उष्णतेची काय सोय आहे आणि ती रात्रभर चालू ठेवतात का, हे फोनवर नेमके विचारून घ्यावे. फोनही पोस्टपेड न्यावा, कारण बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम तेथे चालत नाहीत.