फायबर खांबावरून न्यावी, जमिनीतून न्यावी की नेट हवेतूनच घ्यावं?

ग्रामसभेत घरोघर नेटचा विषय निघाला की लोक आधी विचारतात स्पीड किती आणि महिन्याला किती पडणार. चुकीचं नाहीये ते, पण मी म्हणतो त्याच्या आधी एक विचारा, वायर तुटली तर जोडायला कोण येणार आणि किती दिवसांत येणार? वेगवेगळ्या राज्यांनी हे काम कसं केलं ते बघत गेलो तर गाडी प्रत्येक वेळी याच प्रश्नावर येऊन थांबते.

आधी पैशाचं बोलू, कारण "एवढा खर्च कोण करणार" म्हणून बरेच सरपंच गप्प बसतात. टेलिकॉम कंपन्यांना उत्पन्नातला 5 टक्के हिस्सा केंद्राच्या एका निधीत भरावा लागतो, आधी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी. म्हणजे तो तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच जमतो, त्यामुळे गावासाठी नेट मागताना कुणाचे उपकार घेतोय असं वाटायचं कारण नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना, भारतनेट, याच पैशातून चालते. 2011 ला मंजुरी, 2017 अखेर पहिल्या टप्प्यात 1 लाख ग्रामपंचायती. पण ती जोडणी बहुतेक सरळ रेषेत होती, तालुक्याहून निघालेली फायबर एका गावातून पुढच्या गावात, मध्ये कुठं जेसीबीनं तोडली की पुढची सगळी गावं बंद. 2023 मध्ये सुधारित योजनेला 1,39,579 कोटी मंजूर झाले, त्यात रिंग आहे, म्हणजे एका बाजूनं तुटलं तरी दुसरीकडून चालू राहतं, आणि 10 वर्षांची देखभाल त्यातच धरलीय. मला त्या कोटींपेक्षा ही 10 वर्षं मोठी वाटतात.

आपल्याकडे दुसऱ्या टप्प्याचं काम राज्यानं स्वतःकडे घेतलं, महाआयटी या सरकारी कंपनीमार्फत, तेच महानेट. त्यामुळे आधी आपल्या पंचायतीत फायबर नक्की कोणत्या टप्प्यात आली ते विचारून घ्या, कारण तक्रार कुणाकडे करायची ते त्यावर ठरतं.

आता खांब की जमीन. आंध्रनं विजेच्या खांबांवरून फायबर ताणली आणि 2017 च्या डिसेंबरात 149 रुपयांत नेट, टीव्ही, फोन असं तिन्ही सुरू केलं. खोदाई नाही त्यामुळे खर्च बराच कमी, काम झटपट, आणि तुटलेली वायर डोळ्यांना दिसते, शिडी लावली की जोडता येते. पण कोकणातल्या माणसानं 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवावं, श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडला खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. फायबर त्याच खांबांवर असेल तर लाईटबरोबर नेटही जाणार, आणि नेमकं तेव्हाच मुंबईतल्या पोराबाळांना "आम्ही बरे आहोत" एवढं तरी कळवायचं असतं. देशावरच्या सपाट गावाला मी खांब सुचवीन, किनाऱ्याला नाही.

तेलंगणानं वेगळंच केलं, मिशन भगीरथच्या पाण्याच्या पाइपलाइनसाठी जे चर खणले त्यातच फायबरसाठी डक्ट, म्हणजे वायर ओवायचा रिकामा पाइप, टाकली. मला हे सगळ्यात पटलं, कारण फायबर टाकण्यात खरा पैसा वायरीत नाही, खोदाईत जातो. आपल्याकडे जलजीवनसाठी गावोगाव रस्ते उकरले गेले, मग तिथंही बाजूला एक रिकामी डक्ट टाकून घ्यायला काय हरकत आहे! अजून काम राहिलं असेल तर आत्ताच मागणी करा. जमिनीतल्या फायबरला वाऱ्याची भीती नाही, पण रस्ता रुंदीकरणात तीच आधी तुटते आणि कुठं तुटली ते शोधायला मशीन लागतं. खोदण्याआधी कळवायचं कॉल बिफोर यू डिग ॲप 2023 पासून आहे, त्यावर कळवल्याशिवाय ठेकेदाराला गावात खोदू देऊ नका. जांभ्यात किंवा काळ्या कातळात चर मारायचा म्हणजे मात्र वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात, ते धरून चाला.

केरळचं सरकारी फायबर नेटवर्क, केफॉन, जून 2023 ला सुरू झालं. राज्याची स्वतःची कंपनी, वीज मंडळ भागीदार, बराचसा पैसा कर्जातून. 20 लाख गरीब घरांना फुकट नेट द्यायचं ठरलं पण सुरुवातीचं लक्ष्य 14,000 घरांचं, दर मतदारसंघात 100. कर्ज काढून केलेल्या कामाला पैसे भरणारं गिऱ्हाईक लवकर मिळावं लागतं, हा त्यातला कच्चा दुवा. मात्र घरापर्यंतची शेवटची वायर त्यांनी गावातल्या केबलवाल्यांकडे दिली हे मला फार योग्य वाटतं, त्याला प्रत्येक घर माहीत असतं आणि नेट बंद पडलं तर लोक त्याचं दार वाजवू शकतात.

हवेतून म्हणजे दोन गोष्टी. एअरफायबर, जिथं 5जी टॉवर जवळ आहे तिथं दिवसाभरात बसतं, भाड्यानं राहणाऱ्याला किंवा शेतातल्या वस्तीला चांगलं, पण आख्खं गाव एका टॉवरवर आलं की संध्याकाळी स्पीड पडणार हे गृहीत धरा. दुसरं सॅटेलाइट. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रानं स्टारलिंकशी इरादापत्र केलं, गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशी नावं त्यात आली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, सातपुड्यात धडगावच्या पाड्यांपर्यंत धड रस्ता नाही, अशा ठिकाणी शाळा आणि दवाखान्यासाठी मी आधी सॅटेलाइटच म्हणेन, फायबरची वाट बघत बसू नये. जोराच्या पावसात ते अडखळू शकतं आणि घरोघरी परवडेल असं ते दिसत नाही.

बाकी गावांनी फायबरच घ्यावी, पण ठरावात लिहून घ्या की स्प्लायसिंगचं, म्हणजे तुटलेली फायबर जोडायचं मशीन तालुक्याला कुठं ठेवलंय, माणूस कोण, त्याचा नंबर काय, आणि पंचायत ऑफिसची लाईट गेली तर तिथला नेटचा डबा किती तास बॅटरीवर चालेल. भारतनेटमध्ये घरोघर कनेक्शन देऊन सांभाळणारा गावातला उद्यमी नेमता येतो, त्याला कनेक्शनच्या पैशातला निम्मा वाटा मिळतो. आयटीआय झालेलं एखादं पोरगं किंवा पोरगी असेल तर त्यांनाच विचारा आधी.