‘मित्रहीन’ की ‘एकाकी’?

मित्र नसलेल्या माणसासाठी हे दोन्ही शब्द सरसकट वापरले जातात. परंतु ‘मित्रहीन’ बाह्य परिस्थिती सांगतो, तर ‘एकाकी’ बहुधा मनाची अवस्था. सोलापुरात यंत्रमागावर नव्याने कामाला आलेला विणकर बायकामुलांत सुखी असूनही मित्रहीन असू शकतो; उलट सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत मित्रांच्या घोळक्यात फिरणाराही एकाकी असू शकतो. ‘हीन’ या उत्तरपदामुळे पहिल्या शब्दाला, काहीसा अन्यायानेच, कमीपणाचा वास येतो. म्हणून व्यक्तीविषयी लिहिताना ‘त्याला मित्र नाहीत’ हे साधे वाक्यच मला अधिक पटते. ‘अमित्र’ मात्र टाळावा: ‘अमित्रस्य कुतः सुखम्’ या सुभाषितात त्याचा अर्थ मित्र नसलेला असा असला, तरी संस्कृतात तो प्रामुख्याने शत्रूसाठी येतो.