मुलींच्या शिक्षणाला हातभार लावणारा कपड्यांचा ब्रँड: शर्ट, पँट, ड्रेस सात-आठ महिने वापरल्यावर

फक्त बायकांचे कपडे, मोजकेच नग, आणि कमाईतला वाटा मुलींच्या माध्यमिक शिक्षणाला, असा हा छोटा ब्रँड. नाव मुद्दामच देत नाही, कारण अशा बहुतेक ब्रँडचे गुण-दोष सारखेच असतात. स्वतःचं लेबल काढायच्या विचारात असाल, तर कपड्यांच्या आतल्या बाजूचं वर्णन जास्त कामाचं ठरेल.

सगळ्यात सरस निघाला तो सुती शर्ट. पॉपलिन, म्हणजे घट्ट विणीचं गुळगुळीत सुती कापड आहे, इंचाला ११-१२ टाके आहेत, बाजूच्या शिवणींची कड आत बंद केलेली आहे. इतक्या धुण्यांनंतर लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर कमी झाली, म्हणजे कापड बेतण्याआधी आटवून घेतलंय. न आटवलेलं सुती कापड ५ टक्के सहज आटतं. ७० सेंटिमीटरच्या शर्टात ते साडेतीन सेंटिमीटर होतात आणि हात वर केला की पोट उघडं पडतं. कॉलर ताठ राहावी म्हणून आत उष्णतेने चिकटवलेलं कॅनव्हासही सुटलेलं नाही. प्रेसची उष्णता किंवा दाब कमी पडला की तिथे फुगे येतात आणि मग कितीही इस्त्री करा, ते बसत नाहीत.

लिननच्या पँटला मागच्या मधल्या शिवणीत अडीच सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, सोडली आहे. तयार कपड्यात एवढी माया दिसली की बरं वाटतं, कारण वजन वाढलं तरी पँट उसवून वाढवता येते. लिनन ओलं झाल्यावर आणखी मजबूत होतं, त्यामुळे धुण्याची भीती नाही. त्याचं दुखणं घडीचं. रोज एकाच रेषेवर कडक इस्त्री फिरवली की धागा तिथेच तुटतो. खिसे खरोखरचे खोल आहेत, फोन पूर्ण आत जातो. बायकांच्या पँटबद्दल हे वेगळं लिहावं लागतं, काय करणार!

ड्रेस मात्र फसलाय. कापड व्हिस्कोसचं (लाकडाच्या लगद्यापासून बनणारा धागा), बेतलेलं उरेब, म्हणजे तिरकं, आणि काखेत माया फक्त ६ मिलिमीटर, तीही नुसती ओव्हरलॉक केलेली, म्हणजे कडेवर दोरा गुंडाळून शिवलेली. व्हिस्कोसची ताकद ओलं झाल्यावर जवळपास निम्मी होते. मशीनमध्ये पिळलं गेलं की ताण थेट शिवणीवर येतो आणि धागे टाक्यांतून सरकतात. काखेजवळ आता जाळी दिसते. घेरही एका बाजूला खाली उतरलाय. उरेब कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं, म्हणून घेर दुमडण्याआधी ड्रेस निदान एक दिवस टांगून ठेवायचा आणि मग खालची कड सारखी कापायची असते. इथे घाईत तो दिवस वाचवलेला दिसतो. काखेला सव्वा सेंटिमीटर माया आणि आतून पट्टी दिली असती, तरी काम भागलं असतं.

आता टॅगकडे. त्यावर ओएको-टेक्स स्टँडर्ड १००चा शिक्का आहे आणि खाली ‘जबाबदारीने बनवलेलं’ अशी ओळ. हा शिक्का कापडात घातक रसायनं मर्यादेत आहेत एवढंच सांगतो. शिवणाऱ्या बाईला मजुरी किती मिळाली, याच्याशी त्याचा संबंध नाही. जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्रात कामगारांच्या अटीही येतात, आणि तिथे ‘ऑरगॅनिक’ म्हणवून घ्यायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो. ७० टक्क्यांच्या पुढे फक्त ‘सेंद्रिय धाग्यापासून बनवलेलं’ अशी खालची पायरी मिळते. टॅगवर परवाना क्रमांक असेल तर तो तपासता येतो. २०१३ साली बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११००हून अधिक कामगार गेले, त्यानंतर कारखान्यांची नावं जाहीर करण्याचा आग्रह वाढला. या ब्रँडने शिलाई युनिटचं नाव दिलंय, कापड कुठून आलं ते मात्र गुलदस्त्यात.

खरी मेख वाट्याच्या गणितात आहे. ‘नफ्यातले १० टक्के शिक्षणाला’ हे ऐकायला भरघोस वाटतं. विक्री १०० धरली आणि सगळा खर्च वजा जाऊन ६ उरले, तर मुलींच्या वाट्याला येतात ०.६. याउलट ‘विक्रीच्या १ टक्का’ म्हटलं तर १ पूर्ण मिळतो, आणि तोटा झाला तरी मिळतो. नव्या लेबलला सुरुवातीला नफा क्वचितच होतो. नमुने, एका मापावरून लहान-मोठे साइझ काढणं, परत आलेले नग यातच पैसा मुरतो. बेतताना १० ते १५ टक्के कापड कातरणीत जातं ते वेगळंच. म्हणून नगामागे ठरावीक रक्कम हीच पद्धत आम्हाला पटते. ती कापड-शिलाईसारखी किमतीतच धरायची आणि विक्रीच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायची. या ब्रँडने पुढे हीच पद्धत घेतली, हे चांगलं झालं.

पैसा पोचल्यावरचा हिशेब अजून कच्चा आहे. अहवालात ‘किती मुलींना मदत’ हा आकडा आहे, त्यातल्या किती पुढच्या इयत्तेत गेल्या तो नाही. मुलगी फी भरली नाही म्हणूनच शाळा सोडते असं नाही. लांबची शाळा, प्रवासखर्च, स्वच्छतागृह नसणं, घरची कामं, लवकर लग्न, यातलं काहीही पुरेसं होतं. त्यामुळे पहिल्या वर्षी पन्नास मुलींची फी भरून दुसऱ्या वर्षी हात आखडण्यापेक्षा दहाच मुली घ्याव्यात, शेवटच्या इयत्तेपर्यंत सांभाळाव्यात, आणि पुढच्या वर्षाचा खर्च आधीच बाजूला ठेवावा. टॅगवर मुलीचा फोटो आणि नाव छापणं तर सरळ बंद करायला हवं. हा ब्रँड ते करत नाही, त्याचे गुण वेगळे.

घ्यायचंच असेल तर शर्ट आणि पँट निर्धास्त घ्या, ड्रेस सुती कापडात येईपर्यंत थांबा. आणि शर्ट आल्या आल्या बटणं उलटून पाहा. ती एकेरी दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावलेली आहेत, टोक ओढलं गेलं की अख्खं बटण हातात येतं. मागून सुईने दोन टाके घालून गाठ मारली की झालं.