स्वयम-एनपीटेलवरून कॉलेजचे 3 क्रेडिट मिळवले : चौदा महिन्यांनंतरचा अनुभव (बेळगाव-खानापूरकडच्यांसाठी)

परवा कॉलेजातून चौथ्या सेमिस्टरचं मार्क्सकार्ड आणलं आणि ओपन इलेक्टिव्हच्या (म्हणजे मुख्य विषयांबाहेरचा, आपण निवडायचा विषय) ओळीत पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कोर्सचं नाव आणि पुढं 3 क्रेडिट (डिग्रीसाठी विषयागणिक जमवायचे ते) छापलेले बघितले, मग म्हटलं आता लिहायला हरकत नाही. त्याच्या आधी लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या झाल्या असत्या.

मी बी.कॉम. करते, घर नंदगडला, कॉलेज बेळगावात. दहावीपर्यंत मराठी मीडियम. कॉलेजात ओपन इलेक्टिव्हला दोनच विषय होते आणि दोन्हीचा तास चारनंतर, म्हणजे माझी बस गेलीच. मला कम्प्युटरचं काहीतरी शिकायचं होतं, तर शहरातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये विचारायला गेले, पायथनचे 9000 सांगितले, सर्टिफिकेट देतो म्हणाले. क्रेडिट मिळतात का विचारल्यावर तो माणूस माझ्याकडं बघतच राहिला. तेव्हा सीनियर असलेल्या एका ताईनं सांगितलं की अगं स्वयमवर बघ, फुकट आहे.

फुकट म्हणजे कसं, ते नीट समजून घ्या. स्वयम हे केंद्र सरकारचं पोर्टल, 2017 ला सुरू झालं. एनपीटेल त्याच्याही आधीचं, 2003 चं, आयआयटी आणि बेंगळुरूची आयआयएस्सी मिळून चालवतात आणि त्यांचे कोर्स आता स्वयमवरच असतात. नाव नोंदवणं, व्हिडिओ बघणं, असाइनमेंट देणं, सगळं फुकट. पैसे फक्त परीक्षेला बसायचं असेल तर, मी एका कोर्सला 1000 रुपये भरले. पण क्रेडिट पाहिजे तर परीक्षा द्यावीच लागते, आणि ती घरात बसून नाही, सेंटरवर जाऊन कम्प्युटरवर. त्यामुळं 'ऑनलाइन आहे, कोण बघतंय' असं वाटत असेल तर विसरा.

माझा पहिला कोर्स वाया गेला. म्हणजे शिकले बरंच, पण क्रेडिटच्या हिशोबानं वाया. 2024 च्या जुलैला आयआयटी कानपूरचा 'डेव्हलपिंग सॉफ्ट स्किल्स अँड पर्सनॅलिटी' घेतला, कारण नाव बघून सोपा वाटला आणि आठच आठवड्यांचा होता. इथंच चुकले. एनपीटेलचा हिशोब असा असतोय की 4 आठवड्यांच्या कोर्सला 1 क्रेडिट, 8 ला 2 आणि 12 ला 3. आमच्या ओपन इलेक्टिव्हला लागतात 3. मी 68 मार्क काढून, एलिट लिहिलेलं सर्टिफिकेट कलर प्रिंट काढून, लॅमिनेशन करून ऑफिसात घेऊन गेले. (लॅमिनेशन करू नका, नंतर त्यावर सही-शिक्का बसत नाही.) क्लार्कनी वरनं खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आगल्ला री, एरडे क्रेडिट इदे." दोनच आहेत, होत नाही. वर आधी परवानगीचं लेटर कुठाय ते पण विचारलं. लेटर लागतंय हेच मला माहीत नव्हतं. शेवटी त्या सेमिस्टरला कॉलेजचाच इलेक्टिव्ह लिहिला, नोट्स मैत्रिणीच्या, आणि बस चुकलेल्या दिवशी मुक्काम पण तिच्याकडंच.

तो कोर्स करतानाचा ऑगस्ट तर विचारू नका. आमच्या खानापूर भागातला पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, एकदा लाईट गेली की दोन-दोन दिवस पत्ता नसतो. असाइनमेंट दर आठवड्याला, बुधवारी रात्री 11:59 पर्यंत. एका बुधवारी घरात रोप लावणीची माणसं जेवायला, मी भाकऱ्या थापायलेय, आणि साडेदहाला आठवलं. फोन 6 टक्के. दादानं ट्रॅक्टरच्या बॅटरीला चार्जर जोडून दिला आणि मी छत्री घेऊन ट्रॅक्टरच्या सीटवर बसून दहा प्रश्न सोडवले, रेंज कधी एक काडी कधी काहीच नाही. सबमिट झालं 11:51 ला. त्या दिवसापासून एक सवय लावली, असाइनमेंट उघडली की लगेच येतील तेवढी उत्तरं देऊन सबमिट करून टाकायची, कारण मुदतीच्या आत कितीही वेळा परत देता येतंय आणि शेवटचं दिलेलं धरतात. मग बुधवारी पाऊस येऊ दे नाहीतर पाहुणे.

आणि एखादी असाइनमेंट चुकली म्हणून रडत बसू नका. 8 आठवड्यांच्या कोर्सला चांगल्यातल्या 6 धरतात, 12 च्याला चांगल्यातल्या 8. त्याची सरासरी 25 पैकी, परीक्षा 75 पैकी. पास व्हायला असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30, दोन्ही वेगवेगळे पाहिजेत, एकात जास्त पडून दुसऱ्यातलं भरून निघत नाही. माझ्या वर्गातल्या एकीनं असाइनमेंट दिल्याच नाहीत, म्हणाली परीक्षेत काढते, तिला परीक्षेत बरे मार्क पडूनही सर्टिफिकेट नाही. एकूण 60 च्या वर एलिट, 75 ला सिल्व्हर, 90 ला गोल्ड. गोल्डवाले कोण असतात देव जाणे.

पहिल्या परीक्षेचं रजिस्ट्रेशन मी शेवटच्या दिवसापर्यंत ढकललं आणि तोपर्यंत बेळगावच्या सीटा भरल्या, मग हुबळी. आदल्या दिवशी धारवाडला मावशीकडं. एक बरं, कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळं आधार दाखवलं की झिरो तिकीट, जाऊन-येऊन बसला एक रुपया लागला नाही, जो काय खर्च झाला तो मावशीला कुंदा नेला तेवढाच. पोरांनो, तुम्हाला तिकीट आहे, तुम्ही रजिस्ट्रेशन वेळेत करा.

आता दुसरा कोर्स, ज्याच्यामुळं हे सगळं लिहायलेय. 2025 च्या जानेवारीला आयआयटी रोपडचा 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' घेतला, 12 आठवडे. कॉमर्सवाल्यांनी घाबरायचं कारण नाही, अगदी शून्यातनं सुरू करतात, सर हसत-खेळत शिकवतात, पहिले दोन आठवडे तर मला वाटलं एवढंच असेल तर काय. मग लूप आला, म्हणजे त्याच ओळी परत परत चालवायची भानगड.

माझ्याकडं लॅपटॉप नाही. व्हिडिओ बसमध्ये बघायचे, खानापूरपर्यंत रेंज येते-जाते म्हणून आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवायचे. इंग्रजी समजायला पहिल्यांदा जड गेलं, मी 0.75 स्पीडवर बघत होते आणि बरोबर ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे सरांचं बोलणं लिहून काढलेली पीडीएफ. एनपीटेलच्या काही कोर्सचं मराठी आणि कन्नडमध्ये भाषांतर पण मिळतंय, ते आपापल्या कोर्सला आहे का बघून घ्या, खरं माझ्या परीक्षेचा पेपर इंग्रजीतच होता, त्यामुळं नुसत्या मराठीवर अवलंबून राहू नका. मी मराठीतनं समजून घ्यायची आणि शब्द मात्र इंग्रजीच पाठ करायची.

प्रोग्रॅम लिहायचे ते मात्र फोनवर होत नाहीत. म्हणजे होतात, खरं पायथनमध्ये ओळ किती जागा सोडून सुरू केली याला फार महत्त्व, आणि फोनच्या कीबोर्डवर ते सांभाळता सांभाळता डोकं फिरतंय. म्हणून शनिवारी चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसायची. गिऱ्हाईक आलं की उठायचं, आधारची झेरॉक्स काढून द्यायची, परत बसायचं. तिथं एकदा तीन शनिवार अडकले. प्रोग्रॅम दुकानातल्या कम्प्युटरवर बरोबर चालायचा, उत्तर बरोबर यायचं, आणि पोर्टलवर टाकला की चूक. परत लिहिला, चूक. भाऊ म्हणाला, पोर्टलच बिघडलंय. बिघडलं काही नव्हतं. मी आकडा मागताना 'एंटर द नंबर' असं छान लिहून मागत होते, आणि तिकडं तपासणारा माणूस नाही, मशीन आहे, त्याला फक्त उत्तराचा आकडा पाहिजे, माझं ते 'एंटर द नंबर' पण ते उत्तरातच धरत होतं. ती ओळ काढली, कंस रिकामा ठेवला, पास. हे मला कोर्सच्या डिस्कशन फोरममध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाखाली सापडलं. तेव्हा अडलं की आधी तिथं शोधा, तुमच्या आधी शंभर जण तिथंच पडलेले असतात.

एप्रिलला परीक्षा बेळगावातच मिळाली, तीन तास, सगळे पर्यायाचे प्रश्न. असाइनमेंटचे 22 आणि परीक्षेचे 48, एकूण 70.

हे झालं शिकण्याचं. खरी परीक्षा त्याच्या पुढं.

बऱ्याच जणांना वाटतंय सर्टिफिकेट आलं की क्रेडिट आपोआप मिळतात. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) 2021 चा नियम म्हणतो की एका सेमिस्टरला 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात (2016 च्या नियमात हे 20 टक्के होतं). घेता येतात, बरं का. तुमच्या विषयाच्या जागी कुठला कोर्स चालतो, कधी चालतो, हे कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतंय. माझा आत्तेभाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणाला तिकडं पण असंच, महिन्याची फी भरून स्वस्तातले ऑनलाइन कोर्स करायचे, अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन त्यांच्या क्रेडिटची शिफारस करते, आणि शेवटी घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याचं कॉलेज बघतंय. म्हणजे आमचे क्लार्क काय जगावेगळं करत नव्हते.

या वेळी मी शहाणी झाले होते. कोर्स सुरू व्हायच्या आधीच अर्ज दिला. कोर्सचं नाव, 12 आठवडे, 3 क्रेडिट, कुठल्या पेपरच्या बदल्यात, आणि खाली कोर्सच्या पानाची प्रिंट. आमच्या कॉलेजात एनपीटेलचं लोकल चॅप्टर, म्हणजे त्यांच्याशी जोडलेलं केंद्र आहे, त्याला एक सर असतात, त्यांना स्पॉक म्हणतात. हे माणूस तुमच्या कॉलेजात कोण आहे ते पहिल्या दिवशी शोधा. आमचे सर चांगले आहेत, खरं त्यांच्याकडं आणखी चार कामं. ते म्हणाले एचओडींची (विभागप्रमुखांची) सही आण. एचओडी म्हणाल्या प्रिन्सिपॉलना विचार. ऑफिसात म्हणाले "लेटर तगोंड बर्री", लेटर घेऊन या. कुठलं लेटर, तर जे मागायला मी आले होते तेच. हे 23 दिवस चाललं. शेवटी ऑफिसातल्या शिपाईमामांनी फाईल वरती काढून ठेवली आणि त्याच दिवशी सही झाली. मामांना मी अजून चहा देणं लागते.

मग एबीसी आयडीचं प्रकरण. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, 2021 ला सुरू झालेली, बारा आकडी नंबर, डिजिलॉकरमधनं निघतो. क्रेडिट तिथं जमा होतात. काढायला पाच मिनिटं लागतात, खरं नाव जुळलं तर. माझ्या आधारवर नावाच्या शेवटच्या 'श्री'ला दोन ई, आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डवर आय. आपल्या सीमाभागात हे घरोघरी आहे, शाळेत मराठीतनं नाव, ऑफिसात कुणीतरी कन्नडवरनं इंग्रजीत केलेलं, आडनाव कधी पुढं कधी मागं, कधी नुसती इनिशियल. मी आधार दुरुस्त करून घेतलं, खानापूरला दोन फेऱ्या. स्वयमवर अकाउंट काढतानाच मार्क्सकार्डावरचं नाव बघून अक्षर न् अक्षर तसंच टाका, सर्टिफिकेटवर तेच छापून येतंय.

मेमध्ये सगळे कागद दिले आणि मार्क्सकार्ड आलं आत्ता. मधे सहा वेळा विचारायला गेले, त्यातल्या तीनदा साहेब नव्हते.

पैशाचं म्हणाल तर दोन्ही कोर्सचे मिळून 2000, प्रिंट-झेरॉक्स-लॅमिनेशन धरून आणखी तीनेकशे, झेरॉक्स तर भावाकडं उधारच. त्या इन्स्टिट्यूटच्या 9000 पुढं हे काहीच नाही, आणि पायथन मला खरोखर येतंय, दुकानाची उधारी कुणाकडं किती राहिली त्याचा छोटा प्रोग्रॅम लिहून दिलाय भावाला. त्यात माझं नाव पहिलं येतंय.

कुणी घेऊ नये ते पण सांगते. ज्यांना वेळेवर बसायची सवय नाही, ज्यांचं कॉलेज स्पष्ट नाही म्हणतंय, आणि ज्यांचं शेवटचं सेमिस्टर आहे त्यांनी क्रेडिटच्या भरवशावर राहू नये, कारण आपल्याकडची सेमिस्टरं कधी संपतात आणि एनपीटेलचे निकाल कधी येतात याचा एकमेकांशी काही संबंध नसतो. शिकायला म्हणून घ्या खुशाल.

मी या जुलैला आणखी एक घेतलाय, 12 आठवड्यांचाच. लेटर जूनमध्येच सही करून घेतलं, त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक माझ्याकडं, एक मामांकडं. परीक्षेचं सेंटर पहिल्याच दिवशी बेळगाव टाकलं. मावशी रुसलीय.