लेदरकामाची कटिंग मॅट: ठाण्यात काय घ्यावं आणि पैसे कशावर घालावेत

लेदरकाम शिकू लागलेल्या माणसाची पहिली खरेदी म्हणजे हिरवी कटिंग मॅट. मग त्याच मॅटवर तो कापतो, भोकं पाडतो, कडा पातळ करतो आणि चिकटवायचं सोल्युशनही लावतो. थोड्याच दिवसांत मॅटवर फुगवटे येतात, शिवणीची भोकं पाडायच्या दातेरी चिझलचे दात वाकतात आणि दोष मॅटच्या ब्रँडवर जातो. खरं म्हणजे ही चार कामं एकमेकांच्या उलट पृष्ठभाग मागतात. कापायला किंचित मऊ हवं, भोकांना दात आत घेईल पण दबणार नाही असं हवं, कडा पातळ करायला काचेसारखं कडक आणि गुळगुळीत हवं. म्हणून आमचं मत आधीच सांगतो. ठाण्यात गोखले रोड किंवा स्टेशन परिसरातल्या स्टेशनरी दुकानांत मिळणारी चांगली ए३ मॅट कापायला पुरते. महागड्या मॅटसाठी काढून ठेवलेले पैसे दगडावर आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या बोर्डावर घाला.

मॅट घेताना आधी तिची कड बघा. मधे कडक थर आणि वर-खाली मऊ पीव्हीसी, अशी रचना कडेवर रेघांसारखी दिसते. जाडी ३ मिमी हवी. तीन थर की पाच, यावर दुकानदार बराच वेळ बोलेल, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नख दाबल्यावर वरचा थर जरासा दबून लगेच वर आला पाहिजे. दबलाच नाही तर पातं लवकर बोथट होईल. खळगा तसाच राहिला तर ती मॅट चार दिवसांत चरे धरेल. ३ मिमीची ए३ मॅट हातात अर्ध्या किलोच्या आसपास भरते. त्यापेक्षा बरीच हलकी लागली तर ती पातळ आहे, घेऊ नका.

दुसरी तपासणी स्टीलच्या पट्टीने करायची. छापलेल्या चौकटीचे २५ सेंटीमीटर पट्टीवर २५ च भरतात का ते बघा, दोन्ही दिशांनी. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक निघणं नवल नाही. कागदकामात तो खपून जातो, पण पाकिटाचे दोन भाग शिवणीला जुळवताना खपत नाही. मॅट बाकी चांगली असेल तर जरूर घ्या, फक्त तिच्या रेघांवर माप घेऊ नका. माप नेहमी पट्टीचं.

‘स्वतः भरून येणारी’ हा शब्द मात्र जपून वाचावा. पातं उभं उतरलं की मऊ पीव्हीसी बाजूला सरतं आणि पातं निघाल्यावर मिटतं, एवढाच त्याचा अर्थ. पातं तिरकं गेलं तर पृष्ठभागाचा पापुद्रा सुटतो, आणि सुटलेला पापुद्रा भरून येत नाही. रापी, म्हणजे कातडं तासायची सपाट सुरी, स्वभावतःच कलून चालते, म्हणून रापीचं काम या मॅटवर करूच नये. स्नॅप-ऑफ कटर (पात्याचं बोथट टोक मोडता येणारा) किंवा ४५ मिमीच्या गोल फिरत्या पात्याचा रोटरी कटर चालतो. तोही एकाच जागी रोज फिरला तर चर पडतो आणि पुढचं पातं त्या चरात ओढलं जाऊन कड वाकडी येते. दर आठवड्याला मॅट ९० अंशांनी फिरवली की काप पसरतात.

लेदरच्या जाडीप्रमाणे मॅट वेगळी वागते. ३ ते ३.५ मिमीचं व्हेज टॅन, म्हणजे वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेलं लेदर, एका झटक्यात कापायला गेलात तर हाताचा जोर पात्याचं टोक मॅटमध्ये रुतवतो. सरळ रेषेत ते निभावतं. वळणावर मात्र रुतलेलं टोक मागे राहतं, पातं कलतं, आणि वरून बरोबर दिसणारा तुकडा खालून १ मिमी आत-बाहेर निघतो. पहिला हात हलका, फक्त वाट पाडण्यापुरता. दुसऱ्या-तिसऱ्या हातात आरपार. १ मिमीच्या अस्तराचा त्रास वेगळा. पात्यापुढे ते मऊ मॅटवर ताणलं जातं आणि कापून झाल्यावर आखडतं, म्हणून तुकडा मापाला कमी भरतो. अशा पातळ लेदरसाठी रोटरी कटर घ्यावा आणि पट्टी तळहाताने पूर्ण लांबी दाबून धरावी.

मॅटचा खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत उन्हात ठेवलेली किंवा बंद गाडीत राहिलेली मॅट लाटेसारखी होते, आणि वजनाखाली ठेवूनही बहुधा पुरती सपाट होत नाही. तापवलेला क्रीझर (लेदरच्या कडेला रेघ उमटवायचं अवजार), ग्लू गन, चहाचा गरम कप, यांतलं काहीही तिच्यावर टेकवू नये. गुंडाळी करून आलेलं पार्सल परत पाठवा. ए२ मॅट घेऊन लोकलने यायचं असेल तर दुकानातूनच दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून घ्या आणि गर्दीची वेळ टाळा. डब्यात ती दुमडली की कामातून गेली. धुवायला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. थिनर किंवा ॲसिटोन लागलं तर पीव्हीसी चिकट होतं.

आता भोकं. पैसे आणि डोकं दोन्ही इथे लावा. चिझलचे दात लेदर भेदून १ ते १.५ मिमी खाली उतरले पाहिजेत. ते मॅटमध्ये उतरले तर मऊ पीव्हीसी त्यांना घट्ट धरतं. मग ओढताना चिझल हलवावं लागतं, दात वाकतात आणि लेदरमधलं भोक रुंदावतं. त्याऐवजी १० ते १२ मिमी जाडीचा एचडीपीई या चिवट प्लास्टिकचा पांढरा बोर्ड घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मिळणारा भाजी चिरायचा जाड पांढरा बोर्ड बहुधा याच जातीचा असतो आणि छान चालतो. मोठा तुकडा हवा असेल तर तुर्भे-रबाळेकडच्या प्लास्टिक शीटवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे विचारावेत. ॲक्रिलिक नको, घावाने तडकतं. पुनर्वापराची काळी शीटही नको, तिच्यात एखादा कठीण कण असला तर दाताचं टोक जातं.

चळतीचा क्रम असा: सगळ्यात वर लेदर, त्याखाली पांढरा बोर्ड, मग ग्रॅनाइट, मग ६ ते १० मिमी रबर, मग टेबल, आणि ही सगळी चळत टेबलाच्या पायाच्या बरोबर वर. पुष्कळ जण रबर बोर्डाच्या लगेच खाली घालतात. तसं केलं की घाव रबर खातं, दोन ठोक्यांचं काम सहा ठोक्यांत होतं आणि दर ठोक्याला चिझल थोडं उडून भोक जाड होतं. रबराची जागा दगडाखाली. तिथे ते फक्त खालच्या घरात जाणारा आवाज कमी करतं. टेबल भिंतीपासून दोन-तीन इंच सुटं ठेवलं आणि हातोडीऐवजी प्लास्टिकचं किंवा कच्च्या कातड्याचं मॅलेट, म्हणजे मोगरी, वापरलं तर आणखी फरक पडतो.

ग्रॅनाइटसाठी नवी लादी विकत घेण्याची गरज नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यात सिंकसाठी भोक कापतात, तो कापून निघालेला तुकडा दगडवाल्याकडे पडून असतो. १८ मिमी जाडीचा ४५ बाय ४० सेंटीमीटरचा तुकडा पावणेनऊ किलोच्या आसपास भरतो. ठोकायला हे वजन चांगलं आहे. कडा घासून घ्या, नाहीतर हात कापतील. सपाटी बघायला स्टीलची पट्टी उभी ठेवून मागून उजेड बघा. कडाप्पा स्वस्त पडतो, पण तो थराथराचा दगड आहे, घावाखाली पापुद्रे सुटतात. पंच कधीही थेट दगडावर ठोकू नका. रिव्हेटच्या मोठ्या गोल भोकांना लाकूडही चालेल, मात्र रेषांची टोकं वर येतील असं आडवं कापलेलं. फळीसारख्या कापाचं लाकूड चिरतं.

कडा पातळ करायला हाच ग्रॅनाइट, गुळगुळीत बाजू वर करून. किंवा १० मिमी काच, कडा घासलेली. रापी जवळजवळ आडवी धरायची. काचेवर पात्याची धार उभी टेकली तर ती गेलीच.

टेबलासाठी आयएस ७१० या भारतीय मानकाची मरीन प्लाय घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) ठाण्याच्या पावसाळ्यात कडेने फुगतो, आणि फुगलेल्या टेबलावर मॅट डुलते. याच दिवसांत काम संपल्यावर लेदर रात्रभर मॅटवर पसरून ठेवू नये. खालून हवा न मिळाल्याने बुरशी धरते. ओलसर व्हेज टॅनवर स्टीलची पट्टीही विसरून ठेवू नका. लोखंड आणि टॅनिन मिळून जो काळा डाग पडतो, तो नुसत्या पुसण्याने जात नाही.

सोल्युशनचं काम काचेवर करावं. वाळलेला थर पात्याने खरवडला की निघतो.